सातबारा नसलेल्या देशाची श्रीमंती : नागपुरातील पापुआ न्यू गिनीविषयक अभ्यासवर्गाचे परीक्षण

पश्चिम नागपुरातील एका खासगी अभ्यासकेंद्राने यंदाच्या हिवाळ्यात खनिजसंपन्न देशांच्या विकासावर शनिवार-रविवारी भरणारा सशुल्क अभ्यासवर्ग चालवला आणि त्यासाठी अनेक देशांवरून वरवर नजर न फिरवता ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील पापुआ न्यू गिनी हा एकच देश निवडला. ही निवड धाडसाची होती, कारण मराठी वाचकाला या देशाची ओळख फारशी नाही. मे २०२३ मध्ये पोर्ट मोर्सबीच्या विमानतळावर तेथील पंतप्रधान जेम्स मारापे यांनी नरेंद्र मोदी यांना पाया पडून नमस्कार केला, ते छायाचित्र सर्वांनी पाहिले आणि त्यानंतर त्या देशाचे नाव आपल्या वृत्तपत्रांतून जवळजवळ नाहीसे झाले. सोने, तांबे, निकेल, नैसर्गिक वायू, लाकूड, ट्यूना मासळी आणि कॉफी एवढे सगळे असूनही तेथील पाच वर्षांखालील जवळपास निम्मी बालके कुपोषणामुळे खुरटलेली का राहतात, हा या वर्गाचा मूळ प्रश्न होता आणि तो शेवटच्या सत्रापर्यंत नजरेआड होऊ दिला नाही, ही या उपक्रमाची पहिली जमेची बाजू होय.

विषय दूरचा असला तरी नागपूरला तो परका वाटण्याचे कारण नाही. भारतीय खाण ब्यूरो, मँगनीज काढणारी मॉयल आणि कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स या तिन्हींची मुख्यालये याच शहरात आहेत, विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत खाण अभियांत्रिकी शिकवली जाते आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या खाणींवरचे वाद येथील चहाच्या टपरीवरही रंगतात. त्यामुळे वर्गात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तरुण होते, तसे खाणीत आयुष्य घालवून निवृत्त झालेले सर्वेक्षक, अभियंते आणि ओव्हरमनही (खाणीतील पर्यवेक्षक) होते, आणि या दोन पिढ्यांनी विचारलेले प्रश्न हा वर्गाचा अर्धा ऐवज होता. व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगायचे तर सत्रे वेळेवर सुरू होत, शुल्क नोकरी नसलेल्या विद्यार्थ्यालाही परवडेल एवढे होते आणि भाषा मराठी होती, जी अशा विषयात क्वचितच मिळते. सभागृह वरच्या मजल्यावर असून उद्वाहन नव्हते, याचा ज्येष्ठांना त्रास झाला. आयोजकांनी पुढच्या खेपेस तळमजला शोधावा.

पहिल्या सत्राची मांडणी मला विशेष आवडली. मार्गदर्शकांनी देशाची ओळख करून देताना आधी क्षेत्रफळ सांगितले, ४ लाख ६२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपट. मग त्यांनी लोकसंख्या विचारली आणि या प्रश्नाला एकच उत्तर नाही हे दाखवून दिले. २०११ च्या जनगणनेत सुमारे ७३ लाख लोक मोजले गेले, त्यानंतरची जनगणना वारंवार लांबली आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एका संस्थेने उपग्रहचित्रांच्या आधारे केलेला १ कोटी ७० लाखांपर्यंतचा अंदाज चर्चेत आला, जो सरकारी आकड्याच्या जवळपास दुप्पट होता. हा केवळ आकड्यांचा घोळ नाही, हे पटवण्यासाठी त्यांनी २४ मे २०२४ ची घटना पुढे ठेवली. त्या पहाटे एंगा प्रांतातील यांबाली येथे डोंगर कोसळून वस्ती गाडली गेली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतरविषयक संस्थेने मृतांचा अंदाज ६७० दिला आणि सरकारने २,००० हून अधिक लोक गाडले गेल्याचे कळवले. दुर्घटनेनंतर मृतांचा आकडा नेमका न कळणे अनेक देशांत घडते. येथे दुर्घटनेपूर्वी त्या डोंगराखाली किती माणसे राहत होती हेच कोणाला ठाऊक नव्हते. ज्या शासनाला आपली माणसे मोजता येत नाहीत, ते त्यांच्यापर्यंत औषध, शिक्षक किंवा खनिजाचा वाटा कोणत्या यादीवरून पोचवणार, हा प्रश्न तिथून पुढे प्रत्येक सत्रात पुन्हा येत राहिला.

भूगोलाची बाजूही याच अंगाने शिकवली गेली. राजधानी पोर्ट मोर्सबीहून देशाच्या दुसऱ्या मोठ्या शहराला, लाएला, रस्ता जात नाही आणि दाट वस्तीच्या डोंगराळ मुलखालाही राजधानीचा रस्ता नाही. लाए बंदरातून डोंगरात चढणारा हायलँड्स महामार्ग हीच तेथील जीवनवाहिनी आणि ती दरडींमुळे व टोळीयुद्धांमुळे वारंवार खंडित होते. ८०० हून अधिक भाषा बोलणारा हा समाज १६ सप्टेंबर १९७५ रोजी ऑस्ट्रेलियापासून स्वतंत्र झाला, तेव्हा पहिले पंतप्रधान मायकेल सोमारे यांच्या नेतृत्वाखाली बनलेल्या राज्यघटनेने नैसर्गिक संपत्ती सर्वांच्या हितासाठी वापरावी आणि भावी पिढ्यांसाठी राखावी, असे उद्दिष्ट स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले. उद्दिष्टात कमतरता नव्हती, हे मार्गदर्शकांनी ठसवले ते योग्यच झाले.

या वर्गाचा खरा गाभा जमिनीविषयीच्या सत्रात होता. देशातील सुमारे ९७ टक्के जमीन परंपरागत मालकीची आहे, म्हणजे ती सरकारची नाही, व्यक्तीचीही नाही, तर पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर हक्क सांगणाऱ्या वंशसमूहांची, आपल्या शब्दांत भावकीची आहे. तेथे सातबारा नाही, फेरफार नाही आणि तलाठीही नाही. कोणाच्या पूर्वजाने कोणत्या ओढ्यापर्यंत बाग केली, कोणते झाड कोणाच्या पणजोबाने लावले, कोणाची लेक कोणत्या घरी दिली, या स्मृतीवर हक्क उभा असतो. त्याच वेळी १९९२ च्या खाण कायद्यानुसार जमिनीखालचे खनिज राज्याच्या मालकीचे मानले जाते. वरची माती भावकीची आणि खालचे तांबे सरकारचे, अशा दुहेरी व्यवस्थेत कंपनीला दोघांनाही राजी करावे लागते, आणि यातूनच पुढची सगळी गुंतागुंत जन्माला येते.

पांगुनाच्या खाणीवरील सत्र इतके भरीव होते की केवळ तेवढ्यासाठीही शुल्क भरावे असे मी म्हणेन. बोगनविल बेटावरील ही तांब्याची आणि सोन्याची प्रचंड उघडी खाण १९७२ मध्ये उत्पादनात आली. तिची मुख्य मालकी रिओ टिंटो समूहाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीकडे होती आणि सुमारे एक पंचमांश वाटा पापुआ न्यू गिनी सरकारकडे होता. नव्या देशाच्या तिजोरीचा हाच आधारस्तंभ होता, कारण खाण चालू असलेल्या काळात देशाच्या निर्यातीतील सुमारे ४५ टक्के उत्पन्न एकट्या पांगुनातून येत असे. मात्र बोगनविलच्या बहुतेक भागांत जमिनीचा हक्क आईकडून लेकीकडे जातो, हे ध्यानात न घेता बोलणी प्रामुख्याने पुरुषांशी झाली, आणि १९६९ मध्येच रोरोव्हाना येथील स्त्रिया आपली जमीन वाचवण्यासाठी पोलिसांसमोर उभ्या राहिल्या होत्या. खाणीतून निघालेला शंभर कोटी टनांहून अधिक कचरा कावेरोंग आणि जाबा या नद्यांत सोडला गेला, त्यातून नदीपात्रे आणि त्यांच्या काठची शेती गाडली गेली. आपल्याकडे ओव्हरबर्डनचे, म्हणजे खनिजावरून उपसलेल्या माती-दगडांचे, ढीग पाहिलेल्या एका निवृत्त सर्वेक्षकांनी या आकड्यावर मार्गदर्शकांना थांबवून तो पुन्हा सांगायला लावला.

यापुढचा भाग बहुतेक लेखांतून गाळला जातो आणि या वर्गाने तो गाळला नाही. १९८८ मध्ये स्थानिक जमीनमालक फ्रान्सिस ओना यांच्या नेतृत्वाखाली खाणीच्या विजेचे मनोरे उडवले गेले आणि १९८९ मध्ये खाण बंद पडली, हे सर्वत्र वाचायला मिळते. परंतु ओना आणि पर्पेचुआ सेरेरो यांनी आधी बंड केले होते ते आपल्याच गावातील जुन्या जमीनमालक संघटनेविरुद्ध. नुकसानभरपाईचा पैसा ज्या विश्वस्त निधीत जमा होत होता, त्याचा लाभ मूठभर थोरल्यांनाच मिळतो आणि वाढत्या कुटुंबांतील तरुणांना, तसेच ज्यांची नावे मूळ यादीत नव्हती त्यांना काहीच मिळत नाही, ही त्यांची तक्रार होती. कंपनी व सरकार विरुद्ध गाव ही लढाई झालीच. तिच्या पोटात गावाविरुद्ध गाव आणि काकाविरुद्ध पुतण्या अशी लढाईही होती. त्यानंतरच्या यादवीत आणि बेटाच्या नाकेबंदीत किती जण मरण पावले याचे अंदाज २०,००० पर्यंत जातात. १९९७ मध्ये पंतप्रधान ज्युलियस चॅन यांनी सँडलाइन या कंपनीचे भाडोत्री सैनिक आणले, सैन्यानेच त्याला विरोध केला आणि चॅन यांना बाजूला व्हावे लागले. २००१ मध्ये शांतता करार झाला आणि २०१९ च्या सार्वमतात जवळपास ९८ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. रिओ टिंटोने २०१६ मध्ये आपला वाटा विनामूल्य सोडून दिला, परंतु नद्यांतील गाळ तिथेच राहिला.

ओक टेडीच्या खाणीचा इतिहास याच्या जोडीने शिकवला गेला आणि तो तितकाच अस्वस्थ करणारा होता. पश्चिम प्रांतातील स्टार पर्वतरांगेत बीएचपी या ऑस्ट्रेलियन कंपनीने १९८४ मध्ये ही खाण सुरू केली. गाळ अडवण्यासाठी बांधायचे धरण त्याच वर्षी दरड कोसळल्याने अर्धवट राहिले आणि धरण पुन्हा न बांधताच गाळ सरळ ओक टेडी व फ्लाय या नद्यांत सोडण्याची परवानगी मिळाली, कारण खाण थांबवणे देशाला परवडणार नव्हते. काठच्या रहिवाशांनी मेलबर्नच्या न्यायालयात दावा लावला आणि १९९६ मध्ये तडजोड झाली. २००२ मध्ये बीएचपी बाहेर पडली आणि तिने आपला ५२ टक्के वाटा सिंगापूरमध्ये नोंदलेल्या एका विकासनिधीला दिला, त्या बदल्यात तिला भविष्यातील दाव्यांपासून संरक्षण मिळाले. पुढे २०१३ मध्ये पंतप्रधान पीटर ओनील यांच्या सरकारने खाण ताब्यात घेतली. निधी देशाबाहेर ठेवला की तो राजकारण्यांच्या हातापासून सुरक्षित राहतो, मात्र तो खर्च कोणी आणि कोणाला विचारून करायचा हा प्रश्न लोकशाहीच्या चौकटीबाहेर जातो; या पेचावर वर्गात चांगली चर्चा झाली आणि मार्गदर्शकांनी ती कोणत्याही एका बाजूने मिटवली नाही.

आता वायूविषयी. हेला प्रांतातील हाइड्स येथील वायू सुमारे ७०० किलोमीटरच्या वाहिनीने पोर्ट मोर्सबीजवळच्या प्रकल्पात आणून, द्रवरूप करून जहाजांतून परदेशी पाठवणारा एक्सॉनमोबिलचा प्रकल्प सुमारे १,९०० कोटी अमेरिकी डॉलर खर्चून उभा राहिला आणि मे २०१४ मध्ये पहिले जहाज रवाना झाले. प्रकल्पाआधी कंपनीनेच करवून घेतलेल्या एका अभ्यासाने देशाचे एकूण उत्पन्न दुप्पट होईल असे भाकीत केले होते. प्रत्यक्षात त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तेलाचे भाव कोसळले, त्यांच्याशी जोडलेले वायूचे दरही घसरले, आणि सवलती व घसाऱ्याच्या तरतुदींमुळे सुरुवातीच्या वर्षांत सरकारला अपेक्षित कर मिळाला नाही. हे अर्थशास्त्र समजावून सांगताना रॉयल्टी, म्हणजे उत्पादनावर द्यावा लागणारा वाटा, वायूविहिरीच्या तोंडाशी मोजलेल्या किमतीवर, २ टक्के या दराने लागते आणि वाहिनी व द्रवीकरणाचा खर्च वजा झाल्यावर ती किंमत किती खाली येते, याचे फळ्यावर करून दाखवलेले गणित उत्कृष्ट होते. कोळशाची रॉयल्टी हाताळलेल्या एका ज्येष्ठांना मात्र २ टक्के हा आकडा ऐकून विश्वासच बसेना.

तरीही या सत्राचा कळस गणितात नव्हता. १९९८ च्या तेल व वायू कायद्यानुसार परवाना देण्याआधी त्या भागाचे सामाजिक सर्वेक्षण करून खरे जमीनमालक निश्चित करणे आवश्यक असते. ते काम पुरे न होताच २००९ मध्ये कोकोपो येथे लाभवाटपाचा करार उरकला गेला, आणि त्यानंतर हाइड्सच्या जमीनमालकांची रॉयल्टी वायूची निर्यात सुरू होऊन वर्षे उलटली तरी अडकून पडली, कारण मालक कोण हेच ठरत नव्हते. हे ऐकून मागच्या रांगेतील एका निवृत्त ओव्हरमनांनी विचारले, “सर, जमीन लोकायचीच हाये म्हणता, मंग पैसा अडून कायले राह्यला?” उत्तर म्हणून मार्गदर्शकांनी सहभागींना चार भावक्यांत विभागले, प्रत्येकीला पूर्वजांची एक कहाणी लिहिलेला कागद दिला आणि ठरावीक रकमेचे वाटप करायला सांगितले. एका भावकीची बाग होती, दुसरीचे शिकारीचे रान होते, तिसरीला पिढीपूर्वी आसरा म्हणून जमीन कसायला दिली होती आणि चौथी युद्धात हुसकावली गेली होती. नागपूरच्या त्या सुशिक्षित, एकमेकांना ‘अहो’ म्हणणाऱ्या मंडळींत पाहता पाहता आवाज चढले, बाहेरगावी गेलेल्या भावाचा वाटा धरायचा की नाही यावर एक गट आतल्या आत फुटला आणि वेळ संपली तरी वाटप झाले नाही. एवढ्या प्रभावी रीतीने मी हा विषय कोठेही शिकवलेला पाहिलेला नाही.

या प्रयोगानंतरची चर्चा हे या वर्गाचे मोठे फलित आहे, असे माझे मत झाले. विदर्भात खाणींचा वाद चालतो तो दोन ठाम बाजूंनी. एक बाजू म्हणते, राष्ट्रहितासाठी जमीन सरकारने घ्यावी, कोळसाक्षेत्रांसाठी १९५७ चा कायदा आहेच. दुसरी बाजू म्हणते, जमीन व निर्णय ग्रामसभेच्या हाती द्या, म्हणजे अन्याय होणार नाही. पापुआ न्यू गिनी दोघांनाही अडचणीत आणते. तेथे जमीन लोकांकडेच राहिली, बहुतेकांना कोणी सक्तीने भूमिहीन केले नाही, आणि याचा मोठा लाभ असा की शहरातील नोकरी गेली तरी माणूस गावी परतून रताळी लावून पोट भरू शकतो. तरीही खनिजाचा पैसा त्यांच्यापर्यंत पोचला नाही, कारण हक्क असणे आणि तो हक्क नोंदवून, तंटा सोडवून, ठरलेल्या तारखेला पैसे हातात देणारी यंत्रणा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून बांबूचा व्यवहार स्वतः चालवला, तो केवळ हक्कपत्रामुळे नाही. ग्रामसभेत नियमित बसण्याची, हिशेब लिहिण्याची आणि एकमताने ठरवण्याची सवय तेथे आधीपासून होती. ही तुलना वर्गात एका तरुणीने मांडली आणि मार्गदर्शकांनी तिला पुष्टी देतानाच बजावले की मेंढा-लेखा हे एकसंध छोटे गाव आहे, हाइड्समध्ये शेकडो वंशसमूह आहेत आणि पणाला लागलेली रक्कमही निराळ्या मापाची आहे. खाणबाधित भागांसाठी असलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या निधीविषयीही बोलणे झाले. २०१५ च्या दुरुस्तीने आपण निदान पैशाचा मार्ग कायद्यात आखला आहे, तो मार्ग कितपत वाहता आहे हा पुढचा वाद.

दुर्बल यंत्रणेची दुसरी बाजू राजधानीतील खर्चाच्या सत्रात दिसली. २०१४ मध्ये ओनील सरकारने यूबीएस या स्विस बँकेकडून शंभर कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक कर्ज काढून ऑइल सर्च या तेलकंपनीचे सुमारे १० टक्के समभाग घेतले, भाव पडल्यावर ते विकावे लागले आणि पुढे या व्यवहाराची चौकशी करण्यासाठी आयोग नेमावा लागला. जून २०१८ मध्ये अठरा वर्षे पोलिओमुक्त असलेल्या या देशात पोलिओ परतला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आशिया-पॅसिफिक देशांच्या एपेक या आर्थिक परिषदेसाठी ४० मसेराती मोटारी विमानाने आणल्या गेल्या. त्याच परिषदेत २०३० पर्यंत ७० टक्के लोकांना वीज देण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तेव्हा खात्रीशीर वीज सुमारे १३ टक्के लोकांनाच मिळत होती. मसेरातीचा किस्सा ऐकताना सभागृहात हशा पिकला. मला त्यापेक्षा खासदारनिधीचा भाग अधिक बोधक वाटला. तेथील प्रत्येक जिल्ह्याला दरवर्षी ठरावीक विकासनिधी मिळतो आणि त्यावर स्थानिक खासदाराचा मोठा अंमल असतो. परिणामी आरोग्यकेंद्र चालवणे हे खात्याचे नित्याचे काम न राहता खासदाराची मेहेरबानी ठरते, मतदारही आपल्या ‘वांटोक’ला, म्हणजे आपल्या भाषेच्या आणि नात्याच्या माणसाला निवडून देतो, कारण शासन नसलेल्या ठिकाणी तोच शासन असतो. ही निवड अडाणीपणाची नसून परिस्थितीला धरून शहाणपणाची आहे, असे मार्गदर्शकांनी ठामपणे सांगितले ते मला पटले. २०१९ मध्ये ओनील पायउतार झाले आणि देश आपल्या लोकांच्या हाती परत घेण्याची घोषणा करत मारापे आले. ते स्वतः वायूच्या हेला प्रांताचे आहेत, तरी १० जानेवारी २०२४ रोजी पगारातील कपातीवरून पोलिसांनी काम थांबवताच पोर्ट मोर्सबी आणि लाए येथे दुकाने लुटली-जाळली गेली आणि वीसहून अधिक माणसे दगावली.

त्रुटीही सांगायला हव्यात. चीन आणि ऑस्ट्रेलिया यांच्या पॅसिफिकमधील स्पर्धेला दिलेले सत्र लांबले आणि त्यात वृत्तवाहिन्यांवर ऐकू येते त्यापलीकडे काही नव्हते. मोदींच्या भेटीत तेथील टोक पिसिन भाषेतील तिरुक्कुरळच्या अनुवादाचे प्रकाशन झाले किंवा तमिळनाडूत जन्मलेले शशींद्रन मुथुवेल तेथे एका प्रांताचे राज्यपाल झाले, या गोष्टी रंजक असल्या तरी त्यांनी मूळ प्रश्न पुढे सरकत नाही. याउलट शेतीकडे झालेले दुर्लक्ष मला अक्षम्य वाटले. बहुसंख्य जनता खेड्यांत राहते, डोंगराळ भागातील लाखो कुटुंबांच्या हातात रोख पैसा येतो तो कॉफीतून, आणि खाण व वायूच्या डॉलरांचा चलनदरावर होणारा परिणाम या कॉफी उत्पादकालाच सोसावा लागतो. विदर्भातील कापूस उत्पादकांच्या मुलांसमोर हे मांडण्याची संधी वाया गेली. जंगलांवरही धावता उल्लेख झाला. विशेष शेती भाडेपट्ट्यांच्या नावाखाली सुमारे ५० लाख हेक्टर परंपरागत जमीन कंपन्यांच्या हाती गेली आणि २०११ मध्ये त्याची चौकशी लावावी लागली, हे प्रकरण जमिनीच्या सत्राला जोडले असते तर ९७ टक्के मालकी कागदोपत्री कशी निसटू शकते हे उघड झाले असते.

स्त्रियांविषयीचे सत्र तर निम्म्या वेळेत गुंडाळले. २०१७ मध्ये निवडलेल्या १११ जणांच्या संसदेत एकही स्त्री नव्हती आणि २०२२ मध्ये दोघी निवडून आल्या, एवढे सांगून मार्गदर्शक पुढे सरकले. चेटूक केल्याच्या संशयावरून होणाऱ्या हत्यांना अप्रत्यक्ष आधार देणारा १९७१ चा कायदा त्या देशाने २०१३ मध्ये रद्द केला. त्याच वर्षी आपण जादूटोणाविरोधी कायदा केला, आणि या विषयावर बोलू शकणारे कार्यकर्ते नागपुरात सहज मिळाले असते.

सोबत दिलेली पुस्तिका सुबक आहे, परंतु तिच्यातील अनेक आकड्यांपुढे वर्षे नाहीत, आणि ज्या वर्गात लोकसंख्येचा आकडाच वादग्रस्त असल्याचे शिकवले जाते तिथे ही ढिलाई शोभत नाही. नकाशात हेला हा स्वतंत्र प्रांत दाखवलेला नव्हता, म्हणजे तो २०१२ पूर्वीचा होता. सत्रांचे ध्वनिमुद्रण देण्याचे आश्वासन नोंदणीच्या वेळी मिळाले होते, ते हे लिहीपर्यंत पाळले गेलेले नाही. परीक्षेपुरती टिपणे हवी असणाऱ्यांची येथे निराशा होईल, कारण पाठ करण्याजोगे फार थोडे मिळते. खाण, महसूल, वनविभाग किंवा पत्रकारितेत काम करणाऱ्यांनी मात्र हा वर्ग चुकवू नये. आदिवासी भागात काम करणाऱ्या संस्थांनी आपल्या कार्यकर्त्यांना भावकीच्या त्या प्रयोगासाठी तरी पाठवावे.

पुढील तुकडी पावसाळ्यानंतर घेण्याचे केंद्राने जाहीर केले आहे. त्या वेळी चीन-ऑस्ट्रेलियाचे सत्र कमी करून बोगनविलच्या भविष्याला वेळ द्यावा, असे मी अभिप्रायाच्या कागदावर लिहून दिले. तेथील नेत्यांनी स्वातंत्र्यासाठी १ सप्टेंबर २०२७ ही तारीख पुढे ठेवली आहे, सार्वमताच्या निकालावर अंतिम शब्द मात्र पोर्ट मोर्सबीच्या संसदेचा आहे, आणि आज बहुतांशी पोर्ट मोर्सबीच्या सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या त्या बेटाला आपला खर्च भागवायचा तर पांगुना पुन्हा उघडावी लागेल, असे बोगनविलचे अध्यक्ष इश्माएल तोरोआमा यांच्या सरकारचे गणित आहे. खाण उघडायची झाल्यास खोऱ्यातील कोणत्या भावकीची संमती घ्यायची आणि नद्यांतला गाळ कोणाच्या पैशाने काढायचा, हे अद्याप ठरलेले नाही.